बारावी गणिताची उजळणी: पत्र्याचा डबा, १५० चिठ्ठ्या आणि वाया गेलेला पहिला महिना

बारक्या म्हणजे माझा धाकटा भाऊ, यंदा बारावी सायन्सला, स्टेट बोर्ड. आमचं गाव औसा तालुक्यात. लातूरला रूम करून ट्यूशन लावायची तर फी, रूम भाडं, मेस सगळं मिळून अण्णांना झेपणारं नव्हतं, म्हणून गणिताची उजळणी घरीच करायची ठरलं आणि प्लॅनिंग माझ्या गळ्यात पडलं कारण माझं बीएस्सी गणितात झालंय. मी औशाला एका झेरॉक्स आणि ऑनलाईन फॉर्मच्या दुकानात काम करते, सकाळी नऊ ते संध्याकाळी सात. म्हणजे हातात रात्रीचा दीड तास आणि रविवार एवढंच. गावाकडं राहून, क्लासशिवाय असंच करणारी बरीच पोरं आहेत, त्यांच्या घरच्यांना उपयोग व्हावा म्हणून तारखेप्रमाणे लिहून ठेवलंय. चुका पण तशाच ठेवल्यात, नंतर झाकल्या नाहीत.

६ ऑक्टोबर २०२४, रविवार

घटक चाचणीत २५ पैकी ९ मार्क. बारक्या म्हणलं, "आक्का, पेपर अवघड होता." पेपर बघितला, अवघड नव्हता.

आज प्लॅन केला. पुस्तकाचे दोन भाग, पहिल्यात ७ धडे, दुसऱ्यात ८, एकूण १५. प्रत्येक धड्याला ६ दिवस, म्हणजे ९० दिवस, जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात पूर्ण. पुढचा सगळा महिना पेपर सोडवायला. मोठा चार्ट आणला, रकाने आखले, झालेल्या धड्याला हिरवा आणि राहिलेल्याला लाल रंग. चार्ट आणि स्केचपेन ५५ रुपये, शिवाय अपेक्षित प्रश्नसंच २२० रुपये. भिंतीवर लावल्यावर लई भारी दिसायला लागला, अण्णा पण दोनदा येऊन बघून गेले.

१३ ऑक्टोबर, रविवार

लॉजिक झालं. मॅट्रिक्स अर्धं. सोयाबीन काढणी चालू आहे, मजूर मिळत नाहीत, बारक्या चार दिवस शेतात. रात्री येऊन वही उघडतो आणि तिथंच झोपतो. त्याला बोलण्यात अर्थ नाही, सोयाबीन पावसात सापडलं तर वर्षाचं गणितच बिघडतंय.

२७ ऑक्टोबर, रविवार

मळणी झाली. चार्टवर तीन धडे हिरवे (लॉजिक, मॅट्रिक्स, ट्रिगोनोमेट्री). प्लॅनच्या तीनेक दिवस मागं फक्त, म्हणून मी खूश होते. बारक्या रोज डायजेस्ट उघडं ठेवून एकेक गणित वहीत उतरवतो, मधीमधी स्वतः पुढं जातो, अडकला की डायजेस्टमधली पुढची ओळ बघतो. मी विचारलं तर "येतंय की मला" म्हणतो. मी मान्य केलं. हीच मोठी चूक होती, ती मला दोन आठवड्यांनी कळाली.

४ नोव्हेंबर, सोमवार

भाऊबीज काल झाली. दिवाळीत काही झालं नाही. मधे पेअर ऑफ स्ट्रेट लाईन्स घाईघाईत उरकलं, तेही हिरवं.

१० नोव्हेंबर, रविवार

आज पहिल्यांदा पूर्ण पेपर लावला. एक जुना पेपर दुकानातून झेरॉक्स करून आणला होता. सगळे धडे कॉलेजात शिकवून झाले नव्हते, पण मी म्हणलं जेवढं येतं तेवढं लिही. सकाळी ११ ते २, डायजेस्ट कपाटात, मोबाईल मायकडं.

२७ मार्क. ८० पैकी.

ते पण मी मायेनं दिलेले. कारण मार्क टाकताना पेपरच्या पहिल्या पानावरच्या सूचना मी पहिल्यांदा नीट वाचल्या. त्यात स्पष्ट छापलंय की एमसीक्यूला पर्यायाचं अक्षर आणि त्यापुढचं उत्तर दोन्ही लिहायचं, नुसतं अक्षर किंवा नुसतं उत्तर लिहिलं तर मार्क नाही. बारक्यानं आठही ठिकाणी नुसतं ए, सी, बी असं लिहिलेलं. त्यातली पाच बरोबर होती, म्हणजे १० मार्क गेले असते आणि राहिले असते १७. मी दोन्ही आकडे वहीवर लिहिले आणि त्याला दाखवले. थोडा वेळ काहीच बोलला नाही, मग बाहेर जाऊन म्हशीला पाणी दाखवून आला.

दुसरं म्हणजे लिनिअर प्रोग्रॅमिंगचा ग्राफ. मी ४० रुपयांचे ग्राफ पेपर आणले होते, त्यानं पट्टीनं अगदी सुबक काढला, ११ मिनिटं गेली. सूचनेत लिहिलंय की ग्राफ पेपरची गरज नाही, कच्ची आकृती पुरते. ४० रुपये गेले ते गेले, ११ मिनिटांचं जास्त वाईट वाटलं.

तुम्ही करणार असाल तर प्लॅन करायच्या आधी एक जुना पेपर घ्या आणि पहिलं पान शब्द न् शब्द वाचा. आम्ही ते महिन्यानं केलं.

आता खरा मुद्दा. गेलेल्या ५३ मार्कांचा मी हिशेब मांडला, कशामुळं गेले त्याप्रमाणे. वाट सापडली नाही, म्हणजे सुरुवातच जमली नाही, २९. सूत्र चुकलं, ९. चिन्ह किंवा आकडेमोड, ६. वेळ पुरला नाही, ९. आणि त्या २९ मधले निम्म्याच्या वर चार्टवर हिरव्या असलेल्या धड्यातले होते.

११ नोव्हेंबर, सोमवार

रात्री चार्ट काढून टाकला. अण्णांनी विचारलं का काढला, म्हणलं तो खोटं दाखवायलाय.

१७ नोव्हेंबर, रविवार

आठवडाभर दुकानात विचार करत होते की डायजेस्ट उघडं असताना जमणारं पेपरात का जमत नाही. आज एक प्रयोग केला. इंटिग्रेशनमधलं एक गणित, ई रेज टू एक्स गुणिले एक अधिक एक्स, भागिले दोन अधिक एक्स ह्या सगळ्याचा वर्ग. कॉलेजात ह्या प्रकारची अख्खी एक्सरसाईज झालेली, त्याच्या वहीत बरोबर सोडवलेली. मी हेच गणित कोऱ्या कागदावर लिहून, दोन ट्रिगोच्या आणि एका मॅट्रिक्सच्या गणितामध्ये मिसळून दिलं. बाकीची आली, ह्याच्यावर वीस मिनिटं बाय पार्ट्स करत बसला, पान भरलं, उत्तर नाही.

मग मी वहीतलं त्याचंच सोडवलेलं पान दाखवलं. वरचा एक अधिक एक्स हा एक्स अधिक दोन वजा एक असा फोडायचा, दोन तुकडे होतात, एक म्हणजे एक भागिले दोन अधिक एक्स, दुसरा बरोबर त्याचाच डेरिव्हेटिव्ह, मग उत्तर एका ओळीत, ई रेज टू एक्स भागिले दोन अधिक एक्स अधिक सी. म्हणला, "हे तर येतं मला, पण तू सांगितलं नाहीस ना कोणत्या टाईपचं आहे."

इथंच सगळं आलं. पुस्तकात एक्सरसाईजच्या वरच टाईप लिहिलेला असतो, त्यामुळं वाट आपोआप सापडते. पेपरात कोणी सांगत नाही. त्याला गणित सोडवायची प्रॅक्टिस झाली होती, गणित ओळखायची झालीच नव्हती.

म्हणून ठरवलं, धड्याप्रमाणे उजळणी बंद. सगळ्या धड्यांची गणितं चिठ्ठ्यांवर लिहायची, एका डब्यात टाकायची, हात घालून निघेल ते सोडवायचं. १५ धडे, प्रत्येकी १०, एकूण १५० चिठ्ठ्या. जे धडे अजून शिकवायचे राहिलेत त्यांच्या नंतर टाकायच्या.

२० नोव्हेंबर, बुधवार

विधानसभेचं मतदान, दुकान आणि कॉलेज दोन्ही बंद. सकाळी मतदान करून आले आणि दिवसभर चिठ्ठ्या लिहिल्या. दुकानात खराब निघालेले झेरॉक्सचे कागद पाठकोरे असतात, मालकांना विचारून गठ्ठा आणला होता, फुकट. संध्याकाळपर्यंत ९० झाल्या. डबा मायनं दिला, जुना पत्र्याचा, पूर्वी त्यात शेवया ठेवायची.

२४ नोव्हेंबर, रविवार

चिठ्ठ्यांत दोन दोष निघाले. एक, मी प्रत्येक चिठ्ठीवर कोपऱ्यात धड्याचं नाव लिहिलं होतं, म्हणजे परत तेच, वाट सांगून ठेवल्यासारखं. दोन, कागद इतका पातळ की मागं लिहिलेलं उत्तर पुढून दिसतं. बारक्यानं स्वतःच सांगितलं, लपवलं नाही. पोरगं प्रामाणिक आहे म्हणून वाचलो, नाहीतर मी जानेवारीपर्यंत खूश राहिले असते.

९० चिठ्ठ्या वाया. साधारण पाच तासांचं काम.

१ डिसेंबर, रविवार

जाड कागद पाहिजे होता, विकत घ्यायचा नव्हता. माळ्यावर लग्नपत्रिकांचं पोतं होतं, आमच्याकडं पत्रिका टाकून देत नाहीत. मायची परवानगी घेतली. देवाचं चित्र असलेला भाग कापायचा नाही ह्या अटीवर दिल्या, पण काही ठिकाणी डिझाईनच अख्ख्या पत्रिकेवर पसरलेलं, तिथं मायनं स्वतः बघून कुठून कापायचं ते सांगितलं. आतल्या कोऱ्या बाजूला प्रश्न, धड्याचं नाव नाही, उत्तर नाही. उत्तरं वेगळ्या रजिस्टरात. दोन रजिस्टर १४० रुपये.

८ डिसेंबर, रविवार

आठवडा चांगला गेला असं वाटलं, रोज ८ चिठ्ठ्या, बरोबरचं प्रमाण एकदम वाढलं. मला शंका आली. जवळ बसून बघितलं तर तो चिठ्ठी काढली की उलटी करून मागचं बघतो. मोराच्या पिसाऱ्याचा तुकडा असलेल्या चार चिठ्ठ्या व्हेक्टरच्या, जांभळ्या पत्रिकेच्या सगळ्या डिफरन्शियल इक्वेशनच्या. कारण मी एका बैठकीत एक धडा लिहिला आणि एका बैठकीत एकच पत्रिका कापली. त्यानं मुद्दाम पाठ केलं नव्हतं, नुसतं लक्षात राहिलं.

उपाय हा केला आणि तोच शेवटपर्यंत टिकला. चिठ्ठीवर फक्त नंबर. प्रश्न रजिस्टरात नंबरप्रमाणे, धडे मिसळून लिहिलेले. उत्तरं दुसऱ्या रजिस्टरात, ते माझ्याकडं. सगळे १५० प्रश्न परत मिसळून लिहायला मला चार रात्री लागल्या. हे पहिल्याच दिवशी सुचलं असतं तर तीन आठवडे वाचले असते, तुम्ही सरळ इथूनच सुरू करा.

१५ डिसेंबर, रविवार

नियम ठरवले. बरोबर आलं की चिठ्ठीचा एक कोपरा कापायचा. तीन वेगवेगळ्या दिवशी बरोबर आलं, तीन कोपरे गेले, की चिठ्ठी डब्याबाहेर. मधे एकदा जरी चुकलं तरी जुनी चिठ्ठी फाडून त्याच नंबरची नवी, चारही कोपऱ्यांची.

चुकलेल्यासाठीची वेगळी वही नोव्हेंबरच्या पेपरापासून आहेच. त्यात आता फक्त चार खुणा: "वा" म्हणजे वाट सापडली नाही, "सू" सूत्र, "आ" आकडेमोड, "वे" वेळ. आणि एक ओळ, नेमकं काय चुकलं. "लक्ष नव्हतं" असं लिहायचं नाही असं मी सांगितलंय, कारण त्यावर काहीच करता येत नाही.

१८ डिसेंबर, बुधवार

ह्या नोंदीची खास आठवण राहील म्हणून लिहिते.

चिठ्ठी ४७. एक्स वर्ग वजा पाच एक्सवाय अधिक सहा वायवर्ग बरोबर शून्य, ह्या दोन रेषांमधला कोन. बारक्यानं सूत्र बरोबर लिहिलं, किमती टाकल्या, रूटमध्ये १९ आलं, दोन रूट १९ भागिले ७. उत्तर विचित्र दिसतंय हे त्याला कळत होतं, पेन दाताखाली धरून बसला. मी विचारलं एच किती घेतलास. "वजा पाच." एक्सवायच्या पुढं असतो तो दोन एच, एच म्हणजे त्याचा निम्मा. वजा पाच भागिले दोन टाकल्यावर रूटमध्ये एक भागिले चार राहतं, बाहेर अर्धा, आणि टॅन थीटा एक भागिले सात. मग मी म्हणलं, आता फॅक्टर पाडून बघ, रेषांचे स्लोप अर्धा आणि एक तृतीयांश, त्यांच्यातला कोन काढ. परत एक सप्तमांशच आला. तोंड एकदम उजळलं त्याचं.

वही मागं चाळली तर हीच चूक नोव्हेंबरच्या पेपरात, परत ३ डिसेंबरला, परत ११ ला. तिन्ही वेळा त्यानं कारण "आकडेमोड" लिहिलेलं. खरं कारण "सू" होतं, त्याला सूत्रातलं एच काय आहे तेच पक्कं नव्हतं. कारण चुकीचं लिहिलं की दुरुस्ती पण चुकीचीच होते, तो महिनाभर गुणाकार नीट कर म्हणून स्वतःला बजावत होता.

तेव्हापासून आठवड्याला एकदा मी कारणं तपासते.

२२ डिसेंबर, रविवार

माझी चूक. इंटिग्रेशनची दोन सूत्रं, एकात खाली एक्सवर्ग वजा एवर्ग, दुसऱ्यात एवर्ग वजा एक्सवर्ग, लॉगमधला अपूर्णांक दोन्हीत वेगळा असतो. मी उत्तराच्या रजिस्टरात अदलाबदल करून लिहिली होती आणि तो नऊ दिवस तशीच पाठ करत होता, त्याची दोन बरोबर उत्तरं मी चूक दिली. त्यानं पुस्तक आणून दाखवलं. मी माफी मागितली, चिठ्ठ्यांचे कोपरे परत दिले (म्हणजे नवीन चिठ्ठीला आधीच कापून).

आता नियम, इंटिग्रेशनचं उत्तर आलं की त्याचं डिफरन्शिएशन करून मूळ गणित येतं का बघायचं. घरी शिकवणाऱ्यांनी स्वतःच्या आठवणीवर विसंबू नये, पुस्तक शेजारी ठेवावं, बीएस्सी झालेलं असलं तरी.

२६ डिसेंबर, गुरुवार

हरभऱ्याला पाणी चालू, शेतीची लाईट ह्या आठवड्यात रात्रीची आहे. बारक्या आणि अण्णा आळीपाळीनं जातात. ह्या आठवड्यात तीन रात्री शून्य चिठ्ठ्या.

३० डिसेंबर, सोमवार

येळवस (वेळा अमावस्या). आज पुस्तक नाही हे आधीच ठरलं होतं. सगळे शेतात, कडब्याची खोप, पूजा, मग भज्जी, आंबील, उंडे. लातूरला रूमवर असलेला आमचा मावसभाऊ पण गावाकडं आला होता, त्याला बारक्यानं डब्याबद्दल सांगितलं. तो म्हणला आमच्याकडं रोज टेस्ट असते, पण चुकलेलं परत कोणी विचारत नाही. जाताना त्यानं आमच्या रजिस्टराचे फोटो काढून नेले.

दिवस वाया गेला असं मी धरत नाही.

५ जानेवारी २०२५, रविवार

डब्यात आणखी एक गोम निघाली. कापलेले कोपरे बोटांना लागतात, त्यामुळं हात घातला की दोन कोपरे गेलेली चिठ्ठीच हाताला येते, म्हणजे सोपी झालेलीच परत परत निघायली. आता चिठ्ठ्या माय काढते. भाकरी थापून झाल्या की हात धुऊन येते, आठ चिठ्ठ्या काढते, नंबर मोठ्यानं वाचते. तिला ती वेळ आवडायला लागलीय, आठवी झाली की विचारते, "बास का आजून?"

१२ जानेवारी, रविवार

कॉलेजची पूर्वपरीक्षा झाली. ४४.

गेलेले ३६ असे: वाट १०, सूत्र ५, आकडेमोड ८, वेळ १३. नोव्हेंबरात वाटेवर २९ गेले होते ते १० वर आले, म्हणजे डबा काम करतोय. पण वेळ वाढला. बसून मिनिटाचा हिशेब काढला, त्याला बरंच आठवत होतं. सेक्शन ए ला, म्हणजे २० मार्कांना, ५२ मिनिटं, कारण प्रत्येक एमसीक्यू पाच मार्कांचं असल्यासारखं नीट स्टेप लिहून सोडवलं. सेक्शन बी ला ४५, कारण बारापैकी आठ लिहायचे असताना त्यानं दहा लिहिले, "येत होते म्हणून." सेक्शन सी ला ६०. उरले २३ मिनिटं आणि समोर चार मार्कांचे पाच. दोनच झाले. आणि ए मधला एक मार्काचा एक प्रश्न नंतर करू म्हणून ठेवलेला तो राहिलाच.

१४ जानेवारी, मंगळवार

संक्रांत. दुकानात गर्दी, मी रात्री नऊला घरी. चिठ्ठ्या ४.

१९ जानेवारी, रविवार

वेळेचा प्लॅन. ए ३० मिनिटं, बी ३६, सी ५४, डी ५०. होतात १७०, दहा मिनिटं तपासायला. बोर्डात शेवटी दहा मिनिटं वाढवून मिळतात, पण ती हिशेबात धरायची नाहीत.

आज सेक्शन डी पहिला घेऊन बघितला. पहिल्याच गणितावर, दोन पॅराबोलांच्या मधलं क्षेत्रफळ, २२ मिनिटं अडकला आणि मग बाकी सगळं घाईत. परत नाही करायचं. क्रम ए, सी, डी, बी ठेवला, प्रत्येक सेक्शन नव्या पानावर सुरू करायचाच असतो त्यामुळं क्रम बदलला तरी गोंधळ होत नाही. आणि डी मधल्या कुठल्याही गणिताला दहा मिनिटं झाली की अर्धं पान सोडून पुढं जायचं. त्याला हे लई जड जातंय, अर्धवट सोडलं की त्याच्या डोक्यात तेच फिरतं. आज तीनदा मला टेबलावर बोट वाजवावं लागलं.

बारक्यानं विचारलं, व्हेक्टर आणि लाईन अँड प्लेन सोडून दिलं तर चालेल का. हा प्रश्न बरीच पोरं विचारतात म्हणून हिशेब लिहिते. पेपरात ऑप्शन धरून ११२ मार्कांचे प्रश्न छापलेले असतात आणि ८० चे लिहायचे असतात, म्हणजे ३२ मार्कांची सूट. पण ती बी मध्ये ८, सी मध्ये १२, डी मध्ये १२ अशी वाटलेली आहे, सेक्शन ए च्या २० मार्कांत काहीच सूट नाही. दोन धडे अख्खे सोडले तर बरीच सूट त्यातच संपते, मग येणाऱ्या धड्यातलं अवघड गणित सोडायला जागा कमी राहते. शिवाय सीईटीला हे धडे येतातच. म्हणून सोडायचं नाही असं ठरवलं, पण लाईन अँड प्लेनची चार मार्कांची गणितं डब्यातून काढली, दोन-तीन मार्कांची ठेवली. हा माझा अंदाज आहे, प्रत्येकाच्या पोराप्रमाणे बदलेल.

२६ जानेवारी, रविवार

प्रॅक्टिकल चालू झाल्यात. जर्नल पूर्ण करण्यात पाच दिवस गेले. हे आधी धरलंच नव्हतं. जर्नल डिसेंबरातच संपवून घ्या, प्रत्येक विषयाची.

२ फेब्रुवारी, रविवार

पूर्ण पेपर, घड्याळ समोर. ५८. वाट ७, सूत्र २, आकडेमोड ७, वेळ ६.

आकडेमोड काही केल्या खाली येत नाही. वही बघितली तर सातपैकी चार मार्क एकाच प्रकारचे, डेफिनिट इंटिग्रेशनमध्ये टी धरला आणि लिमिट एक्सच्याच ठेवल्या. त्यावर उपाय म्हणून सब्स्टिट्यूशन लिहिलं की पुढच्या ओळीत लगेच लिमिटचा छोटा तक्ता काढायचा, एक्स इतका तर टी इतका. इंटिग्रेशन त्याच्या नंतर. तक्ता नसेल तर मी बरोबर उत्तराला पण कोपरा कापत नाही. तो चिडला, मी ऐकलं नाही.

१० फेब्रुवारी, सोमवार

उद्यापासून बोर्ड, इंग्रजीचा पहिला पेपर. आता गणित बंद, डबा झाकण लावून मायच्या मांडणीवर ठेवला. एकूण १६८ चिठ्ठ्या झाल्या होत्या (मधे १८ वाढवल्या), त्यातल्या ४७ उरल्या. त्या ४७ चे नंबर मी काढून ठेवलेत, गणिताच्या आधीच्या सुट्टीत फक्त तेवढेच.

एकूण खर्च ४९१ रुपये: चार्ट आणि स्केचपेन ५५, प्रश्नसंच २२०, रजिस्टर १४०, ग्राफ पेपर ४०, झेरॉक्स ३६. त्यातले चार्ट आणि ग्राफ पेपरचे ९५ टाळता आले असते. प्रश्नसंचाचा उपयोग झाला, पण चिठ्ठ्यांतले बरेच प्रश्न पुस्तकातल्या मिसलेनिअस एक्सरसाईजमधलेच आहेत.

गणिताचा पेपर झाला त्या रात्री

मी दुकानातून आले तेव्हा तो जेवत होता. मी मार्क किती पडतील विचारलं नाही, मिनिटं विचारली. ए ३४ मिनिटांत, ठरल्यापेक्षा चार जास्त. एमसीक्यूला आठही ठिकाणी अक्षर आणि उत्तर दोन्ही. बी मध्ये आठ झाल्यावर थांबला, नववं येत होतं तरी. डी मधलं एक गणित दहा मिनिटांनी अर्धं सोडलं आणि शेवटच्या वाढीव दहा मिनिटांत परत येऊन पूर्ण केलं. एक राहिलंच, तीन मार्कांचं, व्हेक्टरचं.

उद्या सुट्टी देते त्याला. मग बाकीचे पेपर संपले की सीईटीचं. तिथं गणिताला ९० मिनिटांत ५० प्रश्न, अकरावीचा पण भाग असतो, निगेटिव्ह मार्किंग नाही. म्हणजे ह्या चिठ्ठ्या तशाच चालणार नाहीत, चार मार्कांच्या सगळ्या काढायच्या आणि अकरावीच्या नव्या घालायच्या. मायला विचारलं, माळ्यावर अजून पत्रिका आहेत, यंदाच्या लग्नसराईच्या पण त्यात पडतील.